छत्तीस मिनिटे पुढे

कन्हानच्या कोळसा खाणीत वडिलांची हयात गेली. लहानू मेश्रामने मात्र बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानात रेडिओ दुरुस्तीची विद्या हस्तगत केली. ती विद्या घेऊन तो अमरावती रस्त्यावरील जलाभ्यास मंडळात रोजंदारीवर लागला आणि अकरा वर्षे रोजंदारीवरच राहिला. १९८५ साली मंडळात संगणक आला. त्याच्या देखरेखीसाठी तंत्रज्ञाची एक कायम जागा मंजूर झाली. ती जागा आपल्याला मिळावी, याखेरीज लहानूने आयुष्याकडे दुसरे काही मागितले नव्हते.

त्या यंत्राची सेवा तो एखाद्या पुजाऱ्याच्या निष्ठेने करी. येणारे-जाणारे त्याला नाना प्रश्न विचारत. याले थंडी काहून लागते? जोडे काहून काढायचे? याची अक्कल वाढवता येते काय? लहानूने वही केली होती. डाव्या पानावर प्रश्न आणि उजव्या पानावर उत्तर. एकदा कोणी विचारले, हातात घड्याळ घालून आत गेले तर चालते काय? उत्तर त्याला ठाऊक नव्हते. घड्याळातल्या लोखंडाने यंत्राच्या चुंबकी चकत्यांवरची माहिती पुसली गेली तर काय घ्या, अशा भीतीने त्याने लिहिले : ‘घड्याळ बाहेर ठेवावे.’ विभागप्रमुख दत्तोपंतांनी त्या ओळीचा नियम केला, नियमाची पाटी झाली आणि भिंतीवरचे घड्याळही बाहेर गेले. दाराशी कवडू शिपाई थाळी घेऊन बसू लागला.

“चपला काढा, घड्याळ काढा,” तो प्रत्येकाला म्हणे, “आता अक्कलबी इथंच ठेवून जा, म्हणजे झालं.”

मंडळाचे मुख्य काम म्हणजे जिल्ह्यातील विहिरींच्या पाण्याचे गणित. ते पुरे व्हायला यंत्राला सव्वापाच तास लागत. खोलीची किल्ली दहाला येई आणि उन्हाळ्यात दोनला वीज जाई. मधला हिशेब साठवून ठेवण्याची सोय त्या प्रोग्रॅममध्ये नव्हती. गिरणीचा दोनचा भोंगा वाजला की पडदा काळा होई आणि चार तासांचे गणित मुळासकट नाहीसे होई. असे सलग सतरा दिवस झाले.

अठराव्या दिवशी लहानूने यंत्र उघडले. आत क्रिस्टल नावाची नखाएवढी पत्र्याची डबी असते. तिच्यातला स्फटिक अखंड थरथरतो आणि त्या थरथरीच्या तालावर यंत्र एकेक पाऊल टाकते. लहानूने सेकंदाला चौदा दशलक्ष वेळा थरथरणारा, म्हणजे चौदाचा, क्रिस्टल काढला आणि भंगारातून शोधून आणलेला वीसचा डाग देऊन बसवला. दुसऱ्या दिवशी गणित सुरू झाले. पूर्ण झालेला कागद छापून बाहेर आला, तेव्हा भोंगा अजून वाजायचाच होता.

कागदावर मात्र यंत्राने वेळ छापली होती : सुरुवात दहा, शेवट सव्वातीन.

“हे कसं रे?” दत्तोपंतांनी विचारले. “दोन तर अजून वाजले नाहीत.”

“साहेब, मशीनचं घड्याळबी त्याच क्रिस्टलवर चालते. काम पळून राहिलं, तसं घड्याळबी पळून राहिलं. त्याले वाटते, आपण पहिल्याइतकाच वेळ घेतला.”

दत्तोपंत संस्कृताचे व्यासंगी. ते प्रसन्न हसले. “घटिकापात्र! पाण्यावर ठेवलेल्या पात्राचं छिद्र रुंदावलं की ते लवकर बुडतं, घटका आखूड होते, पण मोजणाऱ्याच्या लेखी ती घटकाच. लहानू, तू फार मोठी गोष्ट केलीस.”

ते एक वाक्य लहानूने घरी बायकोला, प्रेमिलाला, तीनदा सांगितले.

पंधरवड्याने मुख्य कचेरीतून तपासनीस आले. यंत्राच्या वाढलेल्या वेगाची परीक्षा आणि लहानूच्या नेमणुकीची शिफारस, दोन्ही त्यांच्याच हाती होती. कवडूच्या थाळीत घड्याळ ठेवून ते आत आले. रोजच्यासारखी वेळ लावून दहाला सुरू केलेल्या यंत्रावर त्यांनी सोबत आणलेला चाचणीचा प्रोग्रॅम लावला. यंत्राने आपली परीक्षा आपल्याच घड्याळाने घेतली आणि आकडा छापला. तो जुन्या यंत्राचाच आकडा होता.

“वेग वाढलेला नाही,” तपासनीस म्हणाले.

“साहेब, मशीनले विचारून कसं समजन? भाईरून घड्याळ आणा अन् पुन्हा लावा. एक डाव.”

“घड्याळ आत आणायचं नाही, असा नियम आहे ना इथे?”

“हाव.”

“कोणी केला?”

“मीच लिहिला होता. भेवापायी लिहिला, साहेब. तो खरा नाही.”

“मग तुझं खरं काय धरायचं? तेव्हाचं की आजचं?”

लहानूने दत्तोपंतांकडे पाहिले. घटिकापात्राचा दृष्टान्त ज्यांच्या जिभेवर होता, ते दत्तोपंत फायलीतला एक कागद दुसऱ्यांदा वाचत होते. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

तपासनिसांनी बाहेर येऊन थाळीतले घड्याळ मनगटाला बांधले. हातातल्या छापील कागदावर बारा वाजून सहा मिनिटे होती, घड्याळात साडेअकरा.

“छत्तीस मिनिटं पुढे! म्हणजे वेळसुद्धा बिघडवून ठेवलीस.”

“तेच तर सांगून राहिलो, साहेब!” लहानू जवळजवळ ओरडला. “हेच पाहा ना! दीड तासात छत्तीस मिनिटं! तेवढंच कामबी पुढं गेलं!”

पण तपासनिसांच्या तक्त्यात ‘वेळ अचूक’ या शब्दांपुढे होय आणि नाही असे दोनच रकाने होते. त्यांनी ‘नाही’वर खूण केली. खाली लिहिले : अनधिकृत फेरफार, वेगवाढ शून्य, मूळ भाग पूर्ववत बसवावा, सदर इसमाची शिफारस करता येत नाही.

मूळ भाग बसवायला दुसरे कोणी मंडळात नव्हते. तेही काम लहानूलाच करावे लागले. दत्तोपंत दारात उभे होते.

“मी बोलायला हवं होतं,” ते पुटपुटले.

“राहू द्या, साहेब.” डाग थंड होईपर्यंत त्याने फुंकर घातली. “माहं नशीब मीच लिहिलं पाटीवर.”

दुसऱ्या दिवशी दहाला गणित सुरू झाले. लहानू पडद्यासमोर उभा होता. बसायची खुर्ची आता त्या कायम जागेवर येणाऱ्या दुसऱ्या माणसासाठी होती. गिरणीचा भोंगा वाजू लागला, त्या क्षणी पडद्याच्या कोपऱ्यात बरोबर दोनचा आकडा होता, एक मिनिट पुढे नाही की मागे नाही. मग वीज गेली. लहानूने दार ओढून घेतले.

कवडूने थाळीतले घड्याळ त्याच्यापुढे धरले. “टाइम जमला काय गा आता?”

“जमला,” लहानू म्हणाला, आणि पायात चपला घालू लागला.