मलाचं मले

आणीबाणीच्या आधी मी कामरगावला मास्तर होतो. तिथला पोस्टमन सायकलची घंटी एरवी एकदाच वाजवायचा. निळं विमानाचं पत्र आलं, की मात्र स्टँडपासूनच घंटीचा दणका सुरू व्हायचा. "वो मावशी, बिलायत आली!"

शेजारच्या मावशींचा मुलगा स्कॉटलंडला इस्पितळात नोकरी करायचा. मावशींना वाचता येत नव्हतं. पोस्टमन टोपी काढायचा, ब्लेडनं पत्राच्या कडा जपून कापायचा आणि खड्या आवाजात वाचायचा, "माय, मले तुही लय याद येऊन राह्यली."

मावशी डोळे पुसत हसायच्या. "अस्साच बोलते माहा पोरगा!"

एकदा मी त्याच्या खांद्यावरून डोकावलो. कागदावर होतं, "प्रिय आई, मला तुझी फार आठवण येते."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काहून बदलता?"

"तसंच वाचलं तं तिले वाटते, कोन्या साहेबाचं पत्र आलं."

मावशींचं उत्तर मात्र तो त्या बोलतील तस्संच लिहायचा. मी शुद्धलेखन सुधारू लागलो, की पेन मागं घ्यायचा.

एका सकाळी तो मावशींच्या अंगणातून ओरडला, "मास्तर, पळत या!" मी धावलो. नुकत्याच कापलेल्या पत्राच्या पहिल्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं होतं.

"वाचा, तुमीच वाचा!"

मी वाचलं, "माय, मले तुही लय याद येते."

"'मले' लिवलं, मास्तर! 'मले'!" त्यानं टोपीच उडवली.

मावशी आम्हा दोघांकडं बघतच राहिल्या. "त्यात काय येवढं? तो तं पयलेपासून असंच लिवते."