तांडेलाच्या खळ्यातला कोंबडा

माझ्या मामेसासऱ्यांइतका फुलांवर जीव टाकणारा आणि फुलं तोडणाऱ्यांच्या जिवावर उठणारा दुसरा माणूस आचऱ्यापासून मालवणापर्यंतच्या साऱ्या किनाऱ्यावर झाला नाही, हे मी कुठल्याही देवळाच्या पायरीवर उभा राहून सांगायला तयार आहे. नात्याने ते माझ्या बायकोचे मामा. गाव त्यांना तांडेल म्हणे, कारण ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी होडीवर तांडेलकी केली होती. वारा, सुकाणू, जाळं आणि खलाशांची भांडणं असा सगळा कारभार त्यांच्या एका आवाजावर चाले. पुढे गुडघ्याने दगा दिला, होडी पुतण्याच्या हाती गेली आणि तो आवाज घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन राहिला. मी आचऱ्याच्या शाळेत मास्तर म्हणून आलो तो एकोणीसशे पन्नासनंतरचा काळ. जागा मिळेपर्यंत चार दिवस म्हणून त्यांच्या पडवीत पथारी टाकली, ती पाच वर्षं टाकलेलीच राहिली. त्या पाच वर्षांत मी शाळेत काय शिकवलं ते शाळेला ठाऊक, पण माझं स्वतःचं शिक्षण त्या खळ्यात झालं.

मामांचा पहिला नियम असा, की एका वर्षाहून जास्त जगणाऱ्या झाडाला मान द्यायचा नाही. तेरडा, झेंडू, कोंबडा, गणेशवेल, पुढे पुढे झिनिया. जे बी पेरून उगवतं, फुलतं, बी धरतं आणि मरतं तेवढंच त्यांचं. माडांकडे ते भाडेकरूंकडे पाहावं तसे पाहत. मागीलदारी मामींची जास्वंद होती, तिचा तर ते उघड पाणउतारा करत. मी एकदा जास्वंदीची बाजू घेतली तेव्हा मला खाली बसवून म्हणाले, "मास्तर, जास्वंदीक काय? तुमी बघा नायतर बघू नकात, ती फुलतलीच. वर्साचां झाड तसां न्हय. येक वर्स तुमी बी धरूक इसारल्यात, काय तां संपलां. त्येका माणूस लागता." हे बोलताना त्यांचा चेहरा असा काही गंभीर झाला, की मी पुढे पाच वर्षं जास्वंदीचं नाव काढलं नाही.

पेरणी करवंट्यांत होई. वर्षभराच्या नारळांच्या करवंट्या मामी निगुतीने साठवत, त्यांना डोळ्याच्या जागी भोक पाडलेलं असे, आणि त्यांत वाळू, माती नि सुक्या मासळीचा चुरा भरून त्या खळ्याच्या कडेला ओळीने मांडल्या जात. त्या चुऱ्याच्या वासाने पाहुणे पडवीतूनच परत फिरत. बी टाकण्याआधी मामा बोट ओलं करून वारा बघत. करवंटीत वाऱ्याचा काय संबंध, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, की मीच ओशाळलो. मग गाऱ्हाणं. देवळात गावाच्या वतीने देवाला घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं ते करवंट्यांसमोर उभे राहून घालीत आणि स्वयंपाकघरातून मामींनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, असा करार होता. "बा देवा म्हाराजा, ह्यो तेरडो आज तुझ्या पायाकडे ठेवतंय!" "व्हय म्हाराजा!" "कोणाची कोंबडी वाकडी नजर करून इली आसात, तर तिका तिच्या घराक परत धाड रे!" "व्हय म्हाराजा!" एका वर्षी मामा श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात आतून मामींचा आवाज आला, "आणि माझ्या घोवाक फुलांबरोबर चार दाणे भेंड्याचे पेरूची बुदी दी रे म्हाराजा!" सवयीने मामांच्याच तोंडून "व्हय म्हाराजा" निघून गेलं. देवासमोर दिलेला शब्द. त्या वर्षी आम्ही भेंडीची भाजी खाल्ली.

बागेभोवती फाटकी जाळी बांधून त्यांनी कुंपण केलं होतं. त्यात शेजारची कोंबडी अडकली की किनाऱ्यावर जाळं ओढायला बोलवावं तशा मामी ओरडत, "अवो, रापण लागली!" मग मामा येऊन एकेक फास सोडवत आणि कोंबडीला तिच्या मालकांच्या चालीरीतींबद्दल चार शब्द सुनावत. पण त्यांची खरी दौलत होती चुलीवर टांगलेल्या जाळीत. औषधाच्या रिकाम्या बाटल्या, तळाशी राख, वर बी आणि बुचावर मेण. मामांना लिहितावाचता येत नव्हतं. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला सूत बांधलेलं असे आणि त्या सुताला गाठी: तेरड्याला एक, झेंडूला दोन, कोंबड्याला तीन, आणि रंगांसाठी गाठींचे निराळे प्रकार. मी मोठ्या हौसेने सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या. त्यांनी त्या राहू दिल्या, जावयाचा मान म्हणून. पावसाळ्याच्या दमटपणात सगळ्या चिठ्ठ्या गळून चुलीत पडल्या, गाठी मात्र जागच्या जागी होत्या. त्यावर मामा आठवडाभर माझ्याकडे बघून मिशीत हसत राहिले.

हीच गाठींची भाषा बागेतही चाले. झाडावरचं सगळ्यांत उत्तम फूल बियाण्याचं, हा मामांचा दुसरा नियम. गावाची रीत उलटी. उत्तम फूल देवाचं. मामा त्या फुलाच्या देठाला जाळ्याच्या काळ्या सुताचा तुकडा बांधत. याचा अर्थ, ह्याच्यावर हात नको. बाकीची फुलं तोडायला त्यांची ना नव्हती, म्हणजे तोंडाने ना होती, पण ती केवळ व्यायामासाठी. शेजारच्या घरी एक म्हातारी विधवा काकी राहत. पहाटे अंघोळ करून, ओलेत्याने, परडी घेऊन त्या आमच्या खळ्यात शिरत. मामा पडवीतून खाकरत. काकी मागे न बघता म्हणत, "देवाक रे!" मामा म्हणत, "देवाक सोताची बाग नाय?" काकी म्हणत, "आसा तर! हीच ती." इतकं झालं की दोघांचाही दिवस सुरळीत सुरू होई. काळ्या सुताच्या फुलाला काकींनी इतक्या वर्षांत कधी बोट लावलं नव्हतं.

माझ्या चौथ्या वर्षी तो कोंबडा उगवला. कोंबडा म्हणजे फूल, तुऱ्यासारखं, मखमलीचं. आमच्याकडे लाल आणि पिवळा घरोघरी असतो. आदल्या वर्षी लाल कोंबड्यांच्या ओळीत एकच रोप वेगळं निघालं होतं. त्याचा रंग पिकल्या कोकमाच्या सालीचा, आत काळपट, आणि उन्हात धरला तर कडेला तांबूस धग. मामांनी त्याचं सगळं बी धरलं आणि पावसाच्या तोंडावर शेवटच्या दाण्यापर्यंत पेरलं. हातचं राखून ठेवणं तांडेलाच्या स्वभावातच नसतं. ओळभर रोपं आली, वाढली आणि साधी लाल निघाली. एक सोडून. तो एक कोंबडा मात्र पंज्याएवढा झाला, आणि रंग आदल्या वर्षीहून गडद. मधमाश्यांनी पराग मिसळून रंग बिघडवू नये म्हणून मामांनी बाकीचे सगळे लाल कोंबडे उपटून टाकले. मामींनी ते नवरात्रासाठी शेजारीपाजारी कबूल केले होते, त्यांनी दोन दिवस अबोला धरला. "अजून दोन वर्सां," मामा मला म्हणाले, "मगे ह्यो रंग थारतलो. मगे गावभर वाटतंय बघा." ते त्या झाडाकडे पाहत होते तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की या माणसाने आयुष्यभर समुद्रातून काढून आणलं, पण आपण स्वतः काही घडवलं असं त्यांना या एकाच फुलाबाबत वाटत होतं.

आता घोटाळा असा झाला, की त्या काळपट फुलाखाली काळं सूत दिसेना. मामांनी मामींच्या शिवणाच्या डब्यातून लाल दोरा घेतला आणि तो दोन पदरी करून देठाला बांधला. चांगला ठसठशीत दिसत होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते जाळ्याचं सूत आणायला मालवणला गेले आणि परतीची गाडी चुकल्यामुळे तिथेच राहिले. जाताना मला सांगून गेले होते, "मास्तर, कोंबड्यावर नजर ठेवा." मी नजर ठेवली. सुट्टीच्या दिवशी उजाडेपर्यंत जितकी ठेवता येते तितकी, म्हणजे मिटलेल्या डोळ्यांनी. उठून बघतो तर देठ उभा आणि वर फूल नाही. मामी धावत आल्या, त्यांनी कपाळाला हात लावला.

मामा दुपारी आले. देठ पाहिला. मी काही सांगायच्या आतच त्यांना सगळं उमगलं आणि गुडघा विसरून ते काकींच्या दाराशी पोचले. होडीवरचा आवाज मी ऐकून होतो, त्या दिवशी तो प्रत्यक्ष ऐकला. "काकी! भायर ये!" मी मागोमाग धावलो. काकी बाहेर आल्या त्या हसत. सकाळपासून उपाशी होत्या, पाय धुळीने भरलेले, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मामा एक पाऊल मागे सरले.

"तांडेलानू, इलात? मी सकाळीच न्हेलंय बघा," काकी म्हणाल्या. "तांबडो दोरो बघलंय, तेवाच कळलां, तांडेलान नवस बोललेलो आसा. आज दसरो, आणि तुमी मालवणाक. नवस रवलो तर कसां जातला? देवीच्या पायाकडे तुमच्या नावान ठेवलंय. अनवाणी गेलंय आणि पानी पन पिऊक नाय. आता तुमी इलात, आता जेवतंय."

काकींच्या दृष्टीने त्यात चुकीचं काही नव्हतंच. आमच्याकडे लाल दोरा बांधून राखलेली वस्तू देवाला बोललेलीच असते, हे लहान मूलही सांगेल; फुलाच्या नादात आमच्या तिघांच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. मामा तसेच उभे. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसत होत्या. मी मनात म्हटलं, आता म्हातारीचं काही खरं नाही. पण मामा अगदी हळू म्हणाले, "बरां केलंस गो काकी. माका यादच नव्हती. जा, जेव आता."

घरी येऊन ते खळ्यात बसून राहिले. मी माफी मागितली तर हात हलवून गप्प केलं. मामी म्हणाल्या, "देवीच्या नावान खोटां बोललात." मामा म्हणाले, "देवीक खरां ठावक आसा." मी म्हटलं, देवळात जाऊन गुरवाला सांगू या, तो फूल परत देईल. त्यावर मात्र ते चिडले. "माझ्या नावान दिल्लां, तां मी दिल्लां. परत मागतंय?"

दुसऱ्या दिवशी काकीच प्रसाद म्हणून तो कोंबडा केळीच्या पानात घेऊन आल्या. मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि काकी गेल्यावर नखाने बाजू उकलून पाहिलं. बी अजून पांढरं होतं, दुधाळ; पिकलं असतं तर काळं असतं. तरीही त्यांनी ते महिनाभर सावलीत वाळवलं, बाटलीत भरलं, नव्या प्रकारची गाठ मारली. पावसाच्या तोंडावर बारा करवंट्यांत पेरलं. श्रावण संपेपर्यंत ते रोज सकाळी त्या बारा करवंट्यांवर वाकून बघत होते. एकही अंकुर आला नाही. भाद्रपदात त्यांनी करवंट्या रिकाम्या केल्या, ती माती झेंडूच्या बुडाशी टाकली. काकींनी एकदा भाबडेपणाने विचारलं, "औंदा तो कोकमी कोंबडो खंय?" तर म्हणाले, "देवीन ठेवून घेतल्यान गो." काकींनी तिथूनच देवळाच्या दिशेने हात जोडले.

बदली होऊन आचरा सोडायच्या आधी मी त्यांना विचारलं, की मामा, काकींना खरं सांगावंसं कधी वाटलं नाही? ते म्हणाले, "सांगान बी परत येतला? ती म्हातारी मात्र रडात." एवढंच. आणि मग मला झेंडूच्या बियांची एक बाटली दिली, कशी पेरायची ते तीनदा सांगून.

साठ सालानंतर मामा गेले. मी त्यांच्या तेराव्यालाही गेलो होतो आणि नंतर सुट्टीत पुन्हा मामींना भेटायला गेलो. आता खूप वाकलेल्या काकी पडवीत येऊन बसल्या होत्या. मामांच्या गोष्टी निघाल्या. काकी डोळे पुसत म्हणाल्या, "तांडेलाचो नवस मियाच पोचवलंय हां, मास्तर. तसलां फूल देवीक मगे कोणीच घातल्यान नाय." मी मान हलवली. मग त्यांनी मामींकडे वळून विचारलं, "पन गो, नवस कसलो होतो? तां तेनी माका कधी सांगलां नाय."

मी मामींकडे बघितलं. आता इतक्या वर्षांनी खरं सांगायला हरकत नव्हती. ज्यांचं नुकसान झालं तेच उरले नव्हते. मामी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, "माझी खोकली बरी जावंदे म्हणान बोललेले."

"मगे पावली तर देवी!" काकींचा चेहरा उजळला.

"पावली गो," मामी म्हणाल्या.

पाच वर्षं मी त्या घरात राहिलो, मामींना कधी खोकला झालेला मी ऐकला नाही. त्या वेळी मला मामांची इतकी आठवण आली, जितकी त्यांच्या तेराव्यालाही आली नव्हती.