फरशीतली हरळी

अंगणातल्या फरशीच्या फटींत हरळी माजली, तेव्हा मी आधी घरगुती औषध केलं: व्हिनेगर, मीठ आणि भांड्यांचा साबण. हरळी चार दिवस पिवळी पडली आणि मग लोणच्याने तोंडाला चव आल्यासारखी दुप्पट जोमाने वर आली. चिडून दुकानातलं तणनाशक आणून फवारलं. सगळ्या फटी करपून गेल्या. मी लढाई जिंकल्याच्या थाटात चहा मागितला.

चहाऐवजी हातात ताम्हन घेऊन बायको बाहेर आली. संकष्टी होती.

"अहो, माझ्या दूर्वा कुठे गेल्या?"

मी ज्या गवताला रोज शिव्या घालत होतो, त्याचीच ती दर चतुर्थीला गणपतीसाठी जुडी बांधत होती. एकाच उंबऱ्याआड राहून दोन माणसं एकच पातं किती वेगळं पाहतात.

"बाजारातून आणतो ना," मी पुटपुटलो.

"आणा. ही मी माहेरून आणून लावली होती. फरशी तुम्ही नंतर बसवलीत."

तेव्हापासून रोज सकाळी मी त्या फटींत डोकावतो. आज नळापाशी एक कोवळं पातं दिसलं, माझ्या दोन्ही औषधांना पुरून उरलेलं. मी आनंदाने तिला हाक मारली.

ती आली, शेजारी उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "ओरडू नका. तुमचा आवाज ओळखतं ते."