बाहेर झालंय

आमच्या घरात त्या महिन्यात 'बाहेर' या शब्दाला एकच अर्थ उरला होता. बाहेर म्हणजे लिटर बॉक्सच्या, मांजरांच्या संडासाच्या, बाहेर. "आज बाहेर केलं का?" असं नवऱ्याने ऑफिसातून फोन करून विचारलं, तरी कुणी बाहेर केलं आणि काय केलं हे सांगायला लागत नसे.

सासूबाई गेल्या आणि सासरे कात्रजचं घर बंद करून धायरीला आमच्याकडे राहायला आले. सोबत कपड्यांच्या बॅगा आणि सासूबाईंची मांजर. मांजर असं मी म्हणते. ती हाडांना गुंडाळलेली एक भीती होती. सोफ्याखाली गेली की जेवणालासुद्धा बाहेर येईना. आणि आमच्याकडे आधीपासून माझा बोका. जाडा, लाडावलेला, स्वभावाने थेट माझ्यावर गेलेला, म्हणजे आपल्या जागेवर दुसरं कुणी आलेलं अजिबात न खपणारा.

बोक्याचा बॉक्स ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी असे. मी दुसरा त्याला खेटून ठेवला. झाडायला एकच जागा, वास एकाच ठिकाणी, दार लावलं की प्रश्न मिटला. मांजर तिथे गेली, आणि बोका बाल्कनीच्या दारात आडवा पडून राहिला. तिला परत यायला वाटच नव्हती. शेवटी ती त्याच्या अंगावरून उडी मारून पळाली आणि दारातल्या पायपुसण्यावर मोकळी झाली.

मांजरांचे डॉक्टर म्हणाले, बॉक्स लांब लांब ठेवा, मांजरांपेक्षा एक जास्तच ठेवा, आणि फिनेलने धुऊ नका. माझ्या फिनेलला नावं ठेवणारा हा पहिलाच माणूस. पण ऐकलं. एक बॉक्स बाल्कनीत, एक हॉलमध्ये टीव्हीमागे, एक सासऱ्यांच्या खोलीत. पाहुण्यांना काय वाटेल हा विचार मी सोडून दिला, कारण पाहुणे यायचे आपोआपच कमी झाले. तरी मांजर बॉक्सच्या कडेला उभी राहायची, आतल्या सुगंधी दाण्यांना पाय लावून झटकायची आणि माघारी फिरायची.

"तिला अत्तर लावलेली खडी नको असेल," सासरे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "तुझ्या सासूने तिला घमेल्यात वाळू घालून शिकवलंय."

"मग हे आल्या दिवशी सांगायचं ना, बाबा!"

"कुणी विचारलं नाही."

मी घमेलं आणलं, बारीक वाळू आणली आणि त्यांच्या खोलीत कॉटच्या पायथ्याशी ठेवलं. मांजर गेली, उकरलं, बसली, नीट झाकलं. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला फोन करून कळवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी चहा घेऊन गेले, तर सासरे कॉटजवळ उभे होते. गादीवरची चादर काढून त्यांनी बादलीत भिजवलेली होती.

"जरा बाहेर झालंय," ते म्हणाले.

मी कपाळाला हात लावला आणि मांजरीकडे बघून जे तोंडात आलं ते बोलले. सासरे खिडकी उघडून उभे राहिले.

मग ते होतच राहिलं. एखाददोन दिवस कोरडे जायचे, मला वाटायचं सुटलो, आणि पुन्हा सकाळी बादलीत चादर. चादर भिजवायला ते मला हात लावू देत नसत. मी येण्याआधीच ती साबणाच्या पाण्यात असे. मी घमेलं दारापाशी सरकवलं, खिडकीखाली नेलं, वाळू बदलली, गादीवर रबरी शीट घातलं. बोक्याला त्या खोलीत बंदी केली. सासऱ्यांनी संध्याकाळचा चहा सोडला. मांजरीच्या काळजीने सोडला असेल असं मला वाटलं, आणि त्याचाही राग आला. एवढ्याशा जनावरासाठी म्हातारा माणूस चहा सोडतो म्हणजे काय!

शेवटी एकदा जेवताना मी बोलून टाकलं. "गादी ओली करणाऱ्याला या घरात ठेवणं मला जमणार नाही. सरळ वाघोलीला पाठवायचं." वाघोलीला माझी नणंद राहते. तिचं घर खाली आहे, मागे जरा अंगण आहे.

नवरा म्हणाला, "ताईशी बोललोय मी. ती घेईल."

सासरे भात कालवत होते. कालवत राहिले. "आणखी थोडं बघू या का?" ते म्हणाले. त्यांचा आवाज काहीतरी मागितल्यासारखा आला. ज्या माणसाने आयुष्यात दुकानदाराला 'जरा कमी करा' म्हटलं नाही, तो एका मांजरीसाठी माझ्याकडे मुदत मागत होता. मला वाईट वाटलं, पण मी नमले नाही.

शुक्रवारी मी शेवटचा उपाय केला. मांजरीला घमेल्यासकट आमच्या बाथरूममध्ये ठेवून रात्री कडी लावली. सकाळी उघडलं तर सगळं जिथल्या तिथे, वाळूत नीट झाकलेलं. म्हणजे कोंडलं की शहाणी आणि सोडली की गादीवर. जन्मभर काही तिला बाथरूममध्ये ठेवता येणार नव्हतं. मी नवऱ्याला म्हटलं, बास्केट काढ.

ती बास्केटमध्ये जाईना. नवऱ्याच्या हातावर ओरखडे उठले, त्याने तिला कशीबशी कोंबली, झाकण लावलं. ती ओरडायला लागली. बोका डायनिंगच्या खुर्चीवरून बघत होता. सासरे त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"तिला राहू द्या," ते म्हणाले. "ते माझं होतं."

नवरा हसलाच. "बाबा, तिच्यासाठी तुम्ही काहीही सांगाल. आम्ही दर रविवारी नेऊ तुम्हाला भेटायला."

"काल रात्री ती कुठे होती?" त्यांनी मला विचारलं.

"आमच्या बाथरूममध्ये."

"कडी लावून?"

"हो."

"मग ये. बघ."

मी त्यांच्यामागे खोलीत गेले. बादलीत चादर होती. त्यांनी रबरी शीट स्वतःच्या हाताने उचलून धरलं, तपासनीसाला दाखवावं तसं, आणि मान दुसरीकडे वळवली. गादीची कड अजून ओली होती. या माणसाला आपल्याच घरात, सुनेसमोर, आपलं म्हणणं असं सिद्ध करावं लागत होतं.

"पहिल्या दिवशीच तुला म्हटलं होतं, बाहेर झालंय. तू मांजरीला बोललीस. मग मला पुन्हा सांगवेना."

मला रडू आलं. माझा हा नेहमीचा घोळ आहे, लाज वाटली की आधी राग येतो. "डॉक्टरकडे जायचं ना, बाबा! औषधं असतात याला. चहा काय सोडताय, मांजर काय जाऊ देताय..."

"जाऊच देणार होतो," ते म्हणाले. "रात्रभर तेच ठरवत होतो. पण म्हटलं, तिला वाघोलीला सोडून याल, आणि चार दिवसांनी गादी परत ओली दिसेल. तेव्हा कुणाला पाठवाल?"

"कुणालाही नाही!" मी ओरडले. इतक्या जोरात, की हॉलमधला बोका खुर्चीवरून खाली पडला आणि बास्केटमधली मांजर एकदम गप्प झाली.