बाबांच्या दारात ढोल

मार्च आला की आमच्या घरपट्टी विभागात सगळ्यांची डोकी तापलेली असतात. रस्त्यावरचे दिवे, घंटागाड्या, दवाखान्यातली औषधं, यातलं बरंचसं बजेट आमच्या वसुलीवर उभं. त्या वर्षी ठरलं, थकबाकीदाराच्या दारात ढोल वाजवायचे आणि पैसे भरेपर्यंत हलायचं नाही. यादी मी टाईप केली. तिसऱ्या पानावर नाशिकरोडचं एक घर होतं, माझ्या माहेरचं.

बाबांकडे पैसे नव्हते असं मुळीच नाही. जन्मभर एप्रिलमध्येच घरपट्टी भरून मोकळा होणारा हा माणूस. पण गल्लीतलं गटार रखडलं, पावसाळ्यात पाणी ओट्याला लागलं, अर्ज करून करून ते थकले आणि हट्टाला पेटले. "आधी गटार, मग घरपट्टी." मी समजावलं, "बाबा, पट्टी आली नाही तर गटार होणार कशातून?" ते म्हणाले, "इतकी वर्षं भरली, त्यातून का नाही झालं?" यावर मी चिडले. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं, उद्या आम्ही येतोय, आजच भरून टाका. "वाजवा," म्हणाले आणि फोन ठेवला.

साहेबांनी विचारलं होतं, तुमचं घर वगळू का? मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण त्या सकाळी पहिलंच दार शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचं होतं. त्या आठ दिवसांची मुदत मागत होत्या. "नियम सगळ्यांना सारखा," मी तोऱ्यात म्हणाले आणि ढोल वाजले. आता कुठल्या तोंडाने माहेर वगळणार?

आम्ही गल्लीत शिरलो. बाबा पायरीवर पेपर वाचत बसले होते. घोटीहून आलेला ढोलवाला त्यांना बघून थबकला. "ताई, म्हातारं मानूस हाय. हितं बी वाजवायचं?"

"वाजवा," मी म्हणाले.

बाबांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही. शेजारच्या काकूंना वाटलं, पालखी आली. त्या हळदकुंकवाचं ताट घेऊन धावत आल्या आणि "देव कुठाय गं?" म्हणून मलाच विचारू लागल्या. एरवी मी पोट धरून हसले असते. "काकू, पालखी नाही. वसुली आहे," मी सांगितलं. त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि लगबगीने ताट पदराखाली घेतलं. तेव्हा बाबांच्या हातातला पेपर खाली आला. एव्हाना गल्लीभर माणसं गॅलरीत उभी होती. ढोलवाल्यांचे हात धरावेत असं मला फार वाटलं, पण मी धरले नाहीत.

बाबा आत गेले आणि चेक लिहून घेऊन आले. मी पावती फाडली. ती त्यांनी नीट वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि पुन्हा आत गेले. ढोल थांबले होते. मला वाटलं, संपलं एकदाचं.

ते पाहुण्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. "उन्हात दमला असाल," म्हणत एकेका ढोलवाल्याला पाणी दिलं. मग ट्रे माझ्यापुढे आला. त्या घरात मला आजवर कुणी पाणी आणून दिलेलं नाही, मी आपली स्वयंपाकघरात जाऊन माठातलं घेते. मी आत जायला पाऊल उचललं, पण बाबा दारातून हलले नाहीत. ट्रे पुढे धरून तसेच उभे राहिले. मी पायरीवरच ग्लास रिकामा केला.