वेल्सच्या साहेबांचं कोर्ट

कॉलेजच्या सुट्टीत मी बाबांकडे आखातात, अल कुसैसला गेलो होतो. ते वॉचमन होते त्या बिल्डिंगमध्ये वेल्सचे एक वकीलसाहेब राहायचे. गावी त्यांची शेतं होती, मेंढ्या होत्या, शिवाय ते मॅजिस्ट्रेटही होते. त्यामुळे इथेही भांडण दिसलं की ते प्लास्टिकची खुर्ची टाकून न्याय द्यायला बसत.

बकरी ईदच्या आधी शेजाऱ्यांचा मेंढा सुटला आणि त्याने बिल्डिंगच्या मालकाची फुलझाडं फस्त केली. मालक बाबांना म्हणाला, "खलास! कल से मत आना."

साहेबांनी लगेच कोर्ट भरवलं. बाबांची साक्ष घेतली, दोरी तपासली. मग उठून ते आरोपीच्या जागी, बाबांशेजारी उभे राहिले.

"रस्सी मैंने खोला. मेरा गाव का मेंढा जैसा दिखता था."

बाबांची नोकरी वाचली. साहेबांनी स्वतःला आठवडाभर झाडांना पाणी घालण्याची शिक्षा दिली आणि देखरेखीसाठी बाबांना आपल्या खुर्चीत बसवलं. बाबा अवघडून म्हणायचे, "साहेब, वो कोने का झाड रह गया."