मयताच्या घंटेला धावलेली माणसं

तुमच्या गल्लीत कोणी मेलं, तर तुम्ही किती वेळात पोहोचता? श्रीरामपूरच्या अलीकडं, कालव्याकाठच्या ख्रिस्ती वस्तीतली माणसं सात मिनिटांत पोहोचतात. साराने ते डोळ्यांनी पाहिलंय.

तिचे सासरे बेंजामिन. चर्चची घंटा चाळीस वर्षं त्यांच्या हातात. रविवारी घाईची घंटा. मयताला एकेक टोला, मध्ये लांब श्वासाएवढी जागा सोडून. पुढं म्हाताऱ्याच्या डोक्यातून नातवाचं नाव गेलं, जेवलो की नाही ते गेलं, संडास कुठं ते गेलं. हाताला तेवढा दोर आठवत राहिला.

दोन वर्षं झाली, सारा त्यांना धुते, भरवते. नवरा टेम्पोवर, आठवड्यातून एकदा घरी. वस्तीनं या दोन वर्षांत काय दिलं? शहाणपण. कोणी म्हणालं, बाहेरची बाधा असंल. कोणी म्हणालं, म्हातारा सोंग करतोय. फुकटचा सल्ला उंबऱ्याबाहेरून देता येतो. चप्पलसुद्धा काढावी लागत नाही.

मंगळवारी सकाळी सारा कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात टोला पडला. थांबून दुसरा. सासऱ्यांची खाट रिकामी दिसली, तशी ती ओल्या हातांनीच चर्चकडं धावली. तोवर वस्ती लोटली होती. बाया तव्यावरची भाकरी टाकून आल्या, एकानं कबर खणणाऱ्याला फोनही लावला. चर्च कमिटीचे सेक्रेटरी प्रभुदास चेहरा पाडून सगळ्यांत पुढं.

"काका, कोन गेलं?" त्यांनी विचारलं.

"मार्था गेली माझी," दोर धरून म्हातारा म्हणाला. "आन् अजून कुनी आलं न्हाई."

मार्था म्हणजे साराची सासू. तिला जाऊन सहा वर्षं झाली. एकीनं पदर तोंडाला लावला, हसू दाबायला.

संध्याकाळी प्रभुदास चौघांना घेऊन दारात. "जय ख्रिस्त, वहिनी. लोकांची कामं बुडाली. उद्यापासून काकांना खोलीत ठेवा." आणि त्यांनी पिशवीतून नवंकोरं कुलूप काढलं. दोन वर्षांत कमिटीनं या घरात आणलेली ही पहिली वस्तू!

साराने कुलूप घेतलं. किल्ली पुढं धरली.

"लावते की, भाऊ. पन किल्ली तुमच्याकडं. सकाळी सहाला येऊन उघडा, त्यांची चादर बदला, दुपारी भरवा. बोला, कोन घेतो?"

प्रभुदासना अचानक मोबाईल बघायचं आठवलं. बाकीचे साराच्या अंगणातल्या शेळ्या न्याहाळू लागले. जशा काही शेळ्या जन्मात पाहिल्याच नव्हत्या.

"मेलेल्यासाठी सात मिन्टांत आलात. जित्यासाठी दोन वर्षं वाट बघतेय मी. आन् येडा म्हनता त्यांना? त्यांना तर नेमकं ठावं हाय. तुमी यावं, तर घरात मयत लागतं."

कोणी किल्ली घेतली नाही. कुलूप साराने शेळ्यांच्या खोपट्याला लावलं.

दुसऱ्या दिवशी घंटेचा दोर हात पोहोचणार नाही इतका वर बांधायला मात्र तीन माणसं आणि शिडी हजर! आता रोज सकाळी बेंजामिन त्या दोराखाली हात वर करून उभे राहतात. शेजारी सारा उभी, घरी धुणं तसंच पडलेलं.

तुमच्याही गल्लीत असं एक घर आहे. नाही म्हणू नका. घंटेची वाट बघू नका. उद्या चप्पल काढून आत जा, म्हाताऱ्यापाशी बसा आणि त्या बाईला तासभर मोकळं सोडा.